कशामुळे उडाले

१

कोंडिबाशेठचं पेंड-भुशाचं दुकान खुटबावच्या रस्त्याला होतं आणि घर दुकानाच्या पाठीला. बाप मेंढरांमागं मुलूखभर हिंडत मेला. कोंडिबानं मात्र एका जागी बूड टेकलं, ते तीस वर्षं हलवलं नाही. शाळा नावालाच. पोत्यांवरची छापील नावं लावत लावत तो वाचायला शिकला आणि पावत्या फाडता फाडता लिहायला. मला सरकीनं शिकवलं, असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा, वर चहा पाजायचा. पायातल्या कोल्हापुरीचा उजवा अंगठा तुटला, तेव्हा नवी न घेता तो लाल दोऱ्यानं शिवून घेतला आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवला. असा माणूस.

रोज सकाळी सातच्या ठोक्याला तो दुकानातली झाडण, म्हणजे पोती हलवताना सांडलेली बाजरी, मका, कण्या, टोपलीत भरून मागच्या अंगणात टाकायचा. अंगणाला तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला पत्र्याचं फाटक, फाटकाखाली वीतभर फट. त्या फटीवर कोंडिबाचा फार जीव. कडी वाजायच्या आधीच तो खालच्या पायांवरून माणूस ओळखायचा. एकदा पॉलिश केलेले बूट बघून त्यानं बायकोला, म्हाळसाला, आतूनच सांगितलं होतं की चहा टाकू नकोस, हा काहीतरी गळ्यात मारायला आलाय. विम्याचा एजंट निघाला.

२००४ च्या दिवाळीनंतर तहमीना आली. तिचे वडील सुभान दौंडहून कोंडिबाला बारदान पुरवायचे. पोरगी दौंडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. पुण्यातली काही पक्षीवेडी माणसं एक पाहणी करत होती. रानातले पक्षी नाहीत, घरामागं, परसात येणारे. कोण येतं, किती येतात, काय खातात, कधी उडतात. त्यासाठी रोज एकाच जागी, एकाच वेळी वीस मिनिटं बसणारं माणूस पाहिजे होतं. मामा, तुमच्यासारखं घड्याळ आख्ख्या तालुक्यात न्हाई, असं म्हणून तिनं छापील कार्डांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. दिवसाला एक कार्ड, मार्चअखेरपर्यंत.

कार्डावरचा शेवटचा रकाना होता, ‘कशामुळे उडाले’. मांजर, शिकरा, गाडी, माणूस, जे असेल ते.

“आन् कारण दिसलं न्हाई तर रकाना मोकळा सोडायचा, मामा,” तहमीना म्हणाली. “अंदाजानं भरायचा न्हाई. हे लई महत्त्वाचं हाय.”

कोंडिबानं मान हलवली, पण गोष्ट काही घशाखाली उतरली नाही. कागदावर मोकळी जागा सोडली की तिथं दुसरा कुणीतरी लिहितो. धंद्यातलं पहिलं शहाणपण म्हणून तो हेच शिकला होता. लिहायला काही नसेल तर तो निदान आडवी रेघ तरी मारायचा.

२

पहिले पंधरा-वीस दिवस मजेत गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कार्ड, समोर भिंतीवरचं घड्याळ. कोंडिबाचा बाप मेंढरं कधी मोजत नसे. सांजेला कळपावरून एकदा नजर फिरवी आणि कुठलं तोंड कमी आहे ते सांगे. ती नजर लेकात उतरली होती. आठवड्याभरात चाळीसेक चिमण्या त्याच्या ओळखीच्या झाल्या. एका पायानं अधू नर, शेपूट झडलेली मादी, दुसऱ्याच्या चोचीतलं ओढणारा भामटा. साळुंक्यांची जोडी रोज दोन मिनिटं उशिरा यायची. त्यांना त्यानं सरकारी नोकरीत घातलं. बुलबुल शेवग्यावरून खाली उतरत नसत. सातभाईंचा थवा आला की अंगणाचा बाजार व्हायचा. मेंढरं सुटली आन् आता पाखरं राखाया बसले, असं म्हणून म्हाळसा हसायची.

डिसेंबर लागला. नदीकडून धुकं यायचं, गुऱ्हाळांची काजळी भिंतीवर बसायची, सात वाजून गेले तरी उजेड मळकाच असायचा. आणि रोज सात वाजून दहा मिनिटांनी चिमण्या उडायच्या.

सगळ्या नाहीत. फाटकापाशी टिपत असलेल्या तेवढ्याच. भुर्रकन भिंतीवर जाऊन बसायच्या, दमानं परत उतरायच्या. बाकीच्यांनी मान वर केलेली नसायची. मांजर नाही, शिकरा नाही. कोंडिबानं वाकून फटीतून पाहिलं. पाय नव्हते.

मग त्याच्या ध्यानात आलं की याच सुमाराला पलीकडच्या रुळावरून पुण्याकडची शटल जाते. धक्का रुळातून जमिनीत, जमिनीतून चिमणीच्या पायात. त्यानं समाधानानं ‘गाडी’ असं लिहिलं.

चौथ्या दिवशी धुक्यानं गाडी पाऊण तास रखडली. सात दहाला रूळ गप्प होते. चिमण्या उडाल्या.

कोंडिबा पेन धरून बसून राहिला. बाकी सगळं कार्ड भरलेलं आणि तेवढा एक चौकोन पांढरा. पडलेल्या दातासारखा. भिंतीपलीकडून कुणी गेलंही असेल, त्यानं स्वतःला समजावलं. रस्ता आहे, माणसं जातातच. आणि शाईनं लिहून टाकलं, ‘माणूस’.

३

दुसऱ्या दिवशी चिमण्या दोन जागी उडाल्या. आधी फाटकापाशी, मग तीन-चार आकडे मोजावेत इतक्या वेळानं शेवग्याखाली.

आठवड्याभरानं तीन जागी. फाटक, शेवगा, धुण्याचा दगड. पुढच्या उठायच्या आणि मागच्या खाली बसायच्या. एखादं माणूस आत येऊन संथ चालत निघालं, तर पाखरं त्याच्या पुढं उठतात आणि पाठीमागं मिटतात, तसं. भर दुपारी, अंगण रिकामं असताना, कोंडिबा स्वतः ती वाट चालून आला. फाटकापासून दगडापर्यंत बारा पावलं. सावकाश टाकली तर वेळ बरोबर जुळत होती.

त्याला बापाची एक गोष्ट आठवली. भीमेच्या काठाला वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, पडला होता, कोंडिबा सात-आठ वर्षांचा. पहाटे बाप उठला तर कळप मधून फाटत होता. मेंढरं दोन बाजूंना सरकून वाट देत होती, वाट पुढं जाऊन पुन्हा बुजत होती, आणि वाटेत कुणी नव्हतं. बापानं धारा काढल्या नाहीत, चूल पेटवली नाही. घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि ऊन पडायच्या आत सगळी नदीपार झाली. कोंडिबानं पुढं कित्येकदा विचारलं, काय होतं. बाप म्हणायचा, थांबलो आसतो तर कळलं आसतं.

पण बापाजवळ उचलायला होतं काय? एक घोडं. इथं पक्क्या विटांचं घर होतं, दुकान होतं, दोनशे पोती होती. आणि कोंडिबा शहाणा माणूस होता. हवेचा झोत असेल, भिंतीतून पाझरणारा वारा असेल. तो रोज ‘माणूस’ लिहीत राहिला. एकदा लिहिलं होतं ना; आता वेगळं लिहिलं तर पहिलं खोटं पडलं असतं.

४

एका सकाळी त्याला युक्ती सुचली. खरं माणूस चाललं तर पाखरं कशी उठतात, ते ताडून तरी बघू. त्यानं म्हाळसाला फाटकापासून दगडापर्यंत चालायला लावलं.

ती चालत आली. एक चिमणी उठली नाही.

कोंडिबा खूश झाला. तीस वर्षं उष्टं-खरकटं हीच टाकते, पाखरांनी तिला आपली मानली, असं त्यानं दुकानात चार जणांना सांगितलं. पण पुढं पुढं ते बघवेना. चिमण्या तिच्या दोन पावलांमधून टिपत जायच्या. पाऊल खाली येत असलं तरी सरकायच्या नाहीत, तीच चुकवायची. ती दगडावर धुणं घासत असताना बुलबुल तिच्या खांद्यावर उतरला, पदराचा सुटलेला दोरा ओढून निवांत निघून गेला. फांदीवर बसावं तसा. आणि फांदी तरी वाकते.

म्हाळसा त्या दिवशी धुणं तसंच टाकून आत आली.

“वळखीचं पाखरू बी पाय आला की सरकतंय,” ती म्हणाली. “ही सरकत न्हाईत. अवो, मी हाय न्हवं हितं?”

मग सकाळचा चहा कुणी केला, असं म्हणून कोंडिबानं हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. तिनं त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हात गार होता. पाण्यातून आली होती म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी असताना तो गुपचूप स्वतः अंगणातून चालला. सगळ्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. त्याला इतकं हायसं वाटलं की लगेच त्याची लाज वाटली. एकुलती लेक पूनम भांडगावला नांदत होती. घरात दोघंच. रात्री तो म्हाळसाच्या श्वासाचा कानोसा घेत पडू लागला. बाकी सगळं गेलं तरी पुन्हा उभं करता येतं, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. ही गेली तर कुठून आणायची?

५

जानेवारीची कार्डं न्यायला तहमीना आली. खाटेवर बसून एकेक कार्ड बघत गेली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आख्खा महिना, एकच वेळ, एकच शब्द. कोण येतं रोज, तिनं विचारलं. कोंडिबा नदीचं धुकं, शटल, पेंडीचे भाव, असं दहा ठिकाणी फिरून आला, पण उत्तर काही दिलं नाही. मामा सवयीनं रकाना भरतात असं तिला वाटलं असावं. ती त्या रात्री मुक्कामाला राहिली. सकाळी मी बसते, म्हणाली.

कोंडिबानं मनाशी ठरवलं. सात वाजता तहमीना खुर्चीत बसली, आणि तो म्हाळसाला घेऊन आत चुलीपाशी बसला. दार पुढं लोटलं. म्हाळसाचं मनगट त्यानं हातात धरलं. दुधाचं पातेलं चुलीवर होतं. दोघं नुसती ऐकत होती.

घड्याळ दिसत नव्हतं, पण त्याची गरज पडली नाही. फाटकापाशी पंख वाजले. चादर झटकावी तसा आवाज. मग शेवग्याखाली. मग दगडापाशी.

मग, पहिल्यांदाच, चौथा. अगदी दाराजवळ.

आणि बाहेरून तहमीनाचा आवाज आला, घरच्या माणसाशी बोलावं तसा हळू:

“मामी, बसा ना.”

म्हाळसाचं मनगट कोंडिबाच्या मुठीत होतं. दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा तहमीना पुठ्ठ्यावर वाकून लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, मामी आत्ताच मागं वळल्या, मला चहा नगं म्हणावं त्यांना. मग तिनं वर पाहिलं. कोंडिबाच्या मागं, दारात, म्हाळसा उभी होती. तांबड्या लुगड्यात.

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. कार्डावर शेवटच्या रकान्यात लिहिलेलं होतं: ‘माणूस. मामी. हिरवं लुगडं.’

म्हाळसाचं हिरवं लुगडं आत पेटीत होतं. कोंडिबानं जाऊन पाहिलं. घडी मोडलेली नव्हती. फक्त काठाला ओली माती होती.

तहमीनानं चहा घेतला नाही. पिशवी भरली, आणि फाटकाशी थांबून एवढंच म्हणाली:

“पहिल्या दिवशी मोकळा सोडायला पायजे व्हता, मामा.”

आता खोडतो, तो म्हणाला. पण शाईनं लिहिलेलं होतं, आणि डिसेंबरची कार्डं कधीच पुण्याला गेली होती.

६

दुसऱ्या दिवसापासून कोंडिबानं रकाना मोकळा सोडायला सुरुवात केली. हात मागं ओढायचा, तरी सोडला. कार्ड पुठ्ठ्याला लावून फडताळात ठेवलं आणि दार लावून घेतलं.

सकाळी काढलं तर रकान्यात ‘माणूस’ होतं. अक्षर त्याचंच. सरकीच्या पोत्यावरून शिकलेला तो फताडा ‘म’ दुसऱ्या कुणाचा असणार? तीस वर्षांची सवय, हातानं लिहिलं असेल, डोक्याला कळलं नसेल. त्यानं स्वतःची अशी समजूत घातली आणि पेन दुकानात नेऊन ठेवलं. त्या दिवशीचा रकाना पेन नसतानाही भरला.

म्हाळसा एकच घोकत होती. भांडगावला जाऊ. पूनमकडं चार दिवस राहू. ती अंगणात जाईनाशी झाली होती. आरशासमोर उभी राहून कुंकू लावायची, आणि कोंडिबाकडं वळून विचारायची, नीट बसलंय का. दिवसातून तीन-तीनदा. तो म्हणायचा, महिना भरू दे. अर्धवट कार्डं कशी टाकायची, पोरीला जबान दिलीय. खरी गोष्ट वेगळी होती. आपण घर सोडून गेलो तर मागं घर रिकामं राहील, आणि रिकामं काही सोडायचं नाही हे त्याच्या हाडात होतं.

“तुमच्या बानं त्या दिशी धारा काढल्या नव्हत्या,” म्हाळसा म्हणाली. आवाज चढवला नाही. “मेंढरांसाठी उठला त्यो. तुम्ही माझ्यासाठी बी उठंनात.”

त्याला ते लागलं. रात्रभर कुशीवर जागा पडून राहिला. दिसायला लागल्यावर फडताळ उघडून कालचं कार्ड काढलं. रकान्यात लिहिलं होतं: ‘दोन माणसं’.

त्यानं म्हाळसाला उठवलं आणि सामान बांध म्हणाला.

७

सामान काय, एक पिशवी. दुकान बंदच ठेवायचं. पण पुढून बाहेर पडायची वाट दुकानातूनच, आणि शटर नेमकं त्याच दिवशी अडकलं. वीतभर उचलून हटून बसलं, वर जाईना की खाली येईना. हातोडी मारून झाली, शेजारचा मच्छिंद्र दोन धक्के देऊन गेला. म्हणता म्हणता सात वाजून गेले. मागच्या फाटकानंच निघायचं ठरलं.

अंगणात झाडण टाकलेली नव्हती. तरी चिमण्या उतरल्या होत्या, नेहमीपेक्षा जास्त, आणि जमिनीवर टिपत होत्या. काय टिपत होत्या ते कोंडिबानं वाकून पाहिलं नाही. धुकं शेवग्याच्या शेंड्यापर्यंत उतरलं होतं. बुलबुल नव्हते. सातभाई भिंतीवर ओळीनं बसले होते, आणि गप्प होते. सातभाई गप्प बसलेले कोंडिबानं जन्मात पाहिले नव्हते.

म्हाळसा पुढं झाली. तिच्या पायांशी एक पाखरू हललं नाही. ती दगडापाशी पोचली आणि थांबली, कारण फाटकाची कडी वाजली होती.

बाहेरून.

घड्याळाकडं बघायची गरज नव्हती. फाटकापाशच्या चिमण्या, पन्नासेक तरी, एका झपाट्यात उठल्या आणि भिंतीवर गेल्या. खरं माणूस आल्यावर उठतात तशा.

“अवो,” फाटकापलीकडून आवाज आला, “कडी काढा. किती येळ?”

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षं त्यानं तो ऐकला होता. शब्द असाच ओढायची म्हाळसाची सवय त्याला पाठ होती. दगडापाशी उभ्या म्हाळसानं मागं वळून पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. तिनं नुसती मान हलवली. नगं.

पाखरं सांगत होती की फाटकाबाहेर माणूस आहे आणि दगडापाशी कुणी नाही. तीन महिने त्यानं पाखरांवर भरवसा ठेवला होता. पण हिच्या हाताचा गारवा त्याला ठाऊक होता. हिनं रात्री त्याला बापाची आठवण करून दिली होती. कोंडिबानं आयुष्यात पहिल्यांदा हिशेब केला नाही. पिशवी खाली टाकली, सरळ म्हाळसाकडं चालत गेला आणि तिच्याशेजारी उभा राहून तिचा हात धरला.

“न्हाई काढायची,” तो म्हणाला. “आपुन दोघं हितंच.”

म्हाळसानं त्याचा हात घट्ट आवळला. आणि मग तिची नजर खाली गेली.

ती नजर कशावर गेली ते बघायला कोंडिबानं मान खाली घातली. दारापासून दगडापर्यंत तो भरभर चालत आला होता, भर थव्यातून. एकही पंख वाजला नव्हता. एका पायानं अधू असलेला तो नर त्याच्या उजव्या चपलेवर चढला होता आणि अंगठ्याचा लाल दोरा चोचीनं ओढून बघत होता. दगडावरचा दोरा ओढावा तसा.

कडी पुन्हा वाजली. सवयीनं कोंडिबाचे डोळे फाटकाखालच्या फटीकडं गेले.

फटीत हिरव्या लुगड्याचा ओला काठ होता. त्याखाली म्हाळसाची जोडवी. आणि त्यांच्या शेजारी, जरा पुढं सरसावून, दार उघडायची वाट बघणारे आणखी दोन पाय होते. कोल्हापुरी घातलेले. उजव्या अंगठ्याला लाल दोरा.